लॅबमध्ये जमतं, मग वॉर्डात हात का थरथरतो?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं. बावीस वर्षांपूर्वी मी अगदी हेच आमच्या सिनिअर मॅडमना विचारलं होतं, आणि त्यांनी हातातला चहाचा कप खाली न ठेवता उलट विचारलं होतं, "तू लॅबमध्ये त्यांना काय शिकवतेस ते आधी सांग."

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. एम.एस्सी. नर्सिंग करून मुंबईतल्या एका कॉलेजात नुकतंच ट्युटर म्हणून लागलात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची साठ मुलं-मुली आणि स्किल लॅबमध्ये चारच मॅनिकिन, म्हणजे सरावाचे मानवी पुतळे. डेमो तुम्ही नीट देता, रिटर्न डेमोही, म्हणजे तेच काम परत करून दाखवणं, मुलं व्यवस्थित करतात. पण वॉर्डात नेलं की तीच मुलगी पेशंटसमोर पुतळ्यासारखी उभी राहते, हात थरथरतो, बीपी विचारलं तर १२०/८० सांगून मोकळी होते. वर परीक्षा जवळ आली की लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सह्या घ्यायला तुमच्या टेबलाशी रांग लागते. मॅनिकिन वाढवून मागावेत की लॅबचे तास वाढवावेत, असं तुम्ही विचारताय.

मॅनिकिन जरूर मागा, मिळाले तर चांगलंच आहे. पण घोडं तिथे अडलेलं नाही असं मला वाटतं. लॅबमध्ये मुलं पायऱ्या शिकतात: एक, दोन, तीन, चार. वॉर्डात त्यांचं अडतं ते दोन पायऱ्यांच्या मधे. पेशंट हात मागे ओढतो. नातेवाईक विचारतो, "ताई, हे कशाचं इंजेक्शन?" ट्रेमध्ये चिकटपट्टीच नसते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना उलटी होते. अशा वेळी हातातलं काम कुठे थांबवायचं, पुन्हा कुठून धरायचं, आणि पुढे जाण्यात धोका असेल तर "मला हे जमत नाहीये" हे कोणाला कसं सांगायचं, यातलं आपण काहीच शिकवत नाही. मॅनिकिन बिचारा हात मागे ओढत नाही. त्यामुळे चाराचे आठ मॅनिकिन झाले तरी ही मुलगी वॉर्डात तशीच उभी राहील.

तुमचं क्लिनिकल पोस्टिंग कुठे आहे यावर मात्र बरंच काही ठरतं, हे आधीच सांगून टाकते. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात पेशंट भरपूर असतात, हाताला काम मिळतंच. तिथे उलटी काळजी असते, की गर्दीत मुलं दिवसभर टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) घेत आणि रिपोर्टचे कागद पोचवत राहतील आणि कोणी त्यांच्याकडे बघणारच नाही. खासगी रुग्णालयात नेमकं उलट. एसी वॉर्ड, नीटनेटक्या फाइली, आणि विद्यार्थ्यांनी पेशंटला हात लावायचा नाही, लांबून बघायचं. अशा ठिकाणी लॅबवर जास्त भिस्त ठेवावी लागते. शिवाय तुमच्यासोबत आणखी किती शिक्षक वॉर्डात येतात? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१० आहे. कागदावर ते जुळतं. पण कोणी परीक्षेच्या कामाला, कोणी इन्स्पेक्शनच्या फाइलींना गेलेलं असतं आणि वॉर्डात तुम्ही एकट्या वीस जणांना घेऊन उभ्या असता. मी पुढे जे सांगणार आहे ते दहापर्यंतच्या गटाला जमतं. वीस असतील तर दहा जणांना त्या दिवशी निरीक्षणाचं ठरावीक काम द्या आणि दहा जणांकडेच बघा. वीस जणांकडे अर्धवट बघण्याने कोणाचंच भलं होत नाही.

बीपीपासूनच सुरुवात करते, कारण १२०/८० चा अनुभव प्रत्येक ट्युटरच्या गाठीशी असतो. मुलगी हा आकडा सांगते तेव्हा आपण म्हणतो की आळशी आहे, खोटं सांगते. बहुतेक वेळा तिला आवाज ऐकूच आलेला नसतो. लॅबमध्ये खोली शांत असते, हात मैत्रिणीचा असतो. वॉर्डात डोक्यावर पंखा खडखडतोय, कोणाचा तरी मोबाइल वाजतोय, बाहेरून गाडीचा भोंगा, आणि पेशंट नेमका त्याच वेळी बोलायला लागतो. तिने कफ भरला, हवा भसकन सोडली, काहीच कळलं नाही. आता सगळ्यांसमोर "ऐकू आलं नाही" म्हणायची लाज वाटते. मग तोंडातून पुस्तकातला आकडा बाहेर पडतो.

म्हणून पहिल्या दिवशी मी एकच नियम सांगते: "ऐकू आलं नाही" हे बरोबर उत्तर आहे. ते जो म्हणेल त्याच्याजवळ मी येऊन बसेन. मग एक मिनिट थांबायचं, कफ पूर्ण सैल करायचा आणि पुन्हा घ्यायचं. मनगटावरची नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची, आणि नंतर स्टेथोस्कोप लावून त्या आकड्यापेक्षा ३० ने वर न्यायचं. हवा सेकंदाला २ ते ३ मि.मी. अशी सोडायची. ही नाडीची पायरी मुलं हमखास गाळतात. आपण वॉर्डात घाईत असताना स्वतःच गाळतो, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

दोन जणांना एकाच वेळी ऐकता येईल असा टीचिंग स्टेथोस्कोप मिळतो, एक डायफ्रॅम आणि कानाच्या दोन जोड्या. तो असेल तर मुलगी आणि तुम्ही एकच आवाज ऐकता, आणि ती कुठे चुकते ते सेकंदात कळतं. दहा मॅनिकिनपेक्षा मी तो एक मागेन.

श्वसनाचं तर विचारूच नका. एका मेडिकल वॉर्डात मी सकाळी चार्ट चाळत होते, ऐन पावसाळ्यात. तापाचे पेशंट इतके की खाटांमधे गाद्या घातलेल्या. माझ्या मुलींनी घेतलेले दहा टीपीआर होते. त्यात नऊ जणांचं श्वसन २०, एकाचं १८. मी काही बोलले नाही. त्या मुलींना घेऊन कोपऱ्यातल्या एका आजींच्या खाटेशी गेले, त्यांचं मनगट धरलं आणि नाडी मोजतेय असं दाखवत मिनिटभर छातीकडे बघत राहिले. मुलींनाही मनात मोजायला सांगितलं होतं. चार्टवर २० होतं. आम्ही मोजलं ते ३२. आजी बोलत होत्या, चहा मागत होत्या, वरवर बऱ्या दिसत होत्या. इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लागला. लॅबमध्ये मी वर्षभर सांगितलं असतं की श्वसन पूर्ण एक मिनिट मोजा, पेशंटला कळू न देता मोजा, तर मुलींनी मान डोलावली असती. त्या ३२ नंतर त्या बॅचच्या चार्टवर मला कधी सलग नऊ वेळा २० दिसलं नाही. तुम्हालाही अशी आजी भेटेल. भेटेल तेव्हा ओरडू नका, फक्त मुलांना घेऊन मोजा.

आता लॅबकडे वळते. डेमो आपण देतो तो बहुधा बोलत बोलत देतो. हात चालतात, तोंड चालतं, मुलं वहीत उतरवतात आणि कोणीच हातांकडे बघत नाही. रॉडनी पेटन या सर्जनच्या नावाने ओळखली जाणारी चार टप्प्यांची एक पद्धत आहे, तुम्ही एम.एस्सी.ला वाचली असेल. आधी शिक्षक एक शब्द न बोलता, नेहमीच्या वेगाने काम करून दाखवतो. मग तेच सावकाश, कारणं सांगत. तिसऱ्या खेपेला विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक करतो. चौथ्या खेपेला विद्यार्थी स्वतः बोलत करतो. घाईत आपण पहिला आणि तिसरा टप्पा गाळतो. माझ्या मते सगळी गंमत तिसऱ्यात आहे, कारण तिथे मी मुलांच्या हुकमाची ताबेदार होते. ते सांगतील तेवढंच करायचं, एक काडी जास्त नाही.

कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी, तुमच्या मुलांना पुढच्या वर्षी येईल, पण उदाहरण चांगलं आहे म्हणून सांगते. प्लास्टिकच्या हातात लाल पाणी भरलेलं, साठ जण भोवती. एक मुलगा सांगतोय, मी करतेय. टूर्निके (हाताला आवळून बांधायचा पट्टा) बांधा. बांधला. स्पिरिट लावा. लावलं. "आता टोचा." मी लगेच टोचायला गेले, तेव्हा मागून एक जण ओरडला, "अरे, वाळू दे!" वाळू दिलं. पंधरा ते तीस अंशाचा कोन, त्वचा ताणून धरली, चेंबरमध्ये लाल आलं, कोन कमी केला, कॅन्युला आत सरकवला. इथवर पठ्ठ्याने अगदी बरोबर सांगितलं. मग म्हणाला, "आता सुई काढा." मी काढली. टूर्निके तसाच होता आणि शिरेवर बोटही दाबलेलं नव्हतं. लाल पाण्याची धार माझ्या पांढऱ्या कोटावर, टेबलावर, पुढच्या रांगेतल्या दोघींच्या वह्यांवर. सगळी लॅब हसली. तो मुलगा आता एका आयसीयूत सिनिअर स्टाफ आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, सुई काढायच्या आधी अजून तुमचा कोट आठवतो."

मी तिथे "टूर्निके विसरलास" असं आधीच सांगितलं असतं तर कोट वाचला असता. पण शिक्षकाला नेमकं हेच जड जातं. चूक होणार हे दिसत असताना, जिथे कोणालाही इजा होणार नाही अशा जागी, गप्प बसायचं. लॅब त्यासाठीच असते.

साठ मुलांना चार मॅनिकिन हे गणित सुटतं, कारण पहिल्या वर्षाच्या निम्म्याहून जास्त कौशल्यांना मॅनिकिन लागतच नाही. टीपीआर, बीपी, पेशंटला कुशीवर वळवणं, खाटेवरून व्हीलचेअरवर घेणं, बँडेज, भरवणं हे सगळं एकमेकांवर करता येतं, अर्थात समोरच्याला विचारून. मी तिघांचे गट करते. एक काम करतो, एक पेशंट होतो, एकाच्या हातात चेकलिस्ट. आणि जो पेशंट झालाय त्याने नंतर फक्त एवढंच सांगायचं की कसं वाटलं. "तिने न सांगता माझी मान उचलली, मी घाबरले." हे वाक्य माझ्या तासाभराच्या लेक्चरला भारी पडतं. भरवताना तर मी पेशंटला आडवंच ठेवायला सांगते, एक चमचा पाणी, बस. मान किती वर हवी हे मग कोणाला शिकवावं लागत नाही.

सलाइनच्या थेंबांसाठी एक सेट, पाण्याची बाटली आणि खाली बादली पुरते. ५०० मि.लि. चार तासांत द्यायचं, सेट मि.लि.ला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. गणित फळ्यावर सगळ्यांना येतं, पण क्लॅम्प फिरवून घड्याळात बघत ४२ वर आणून ठेवायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात "पेशंटने" हात वर केला की थेंब पुन्हा बदलतात. स्नायूतल्या इंजेक्शनसाठी मोसंबी किंवा स्पंजचा तुकडा चालतो. वापरलेली सुई मात्र मोसंबीतून निघाली तरी सुईच आहे. कटरमध्ये तोडायची आणि पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यातच टाकायची. लॅबमध्ये ढिलाई केली की तोच हात वॉर्डात जातो. हात धुण्यासाठी डोळे मिटून, तळहातावर साबणाऐवजी पोस्टर कलर घेऊन चोळायला लावा. डोळे उघडल्यावर अंगठे आणि नखांच्या कडा कोऱ्या दिसतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद का लागतात ते आपोआप कळतं.

ट्रेमधून एखादी वस्तू मी मुद्दाम काढून ठेवते किंवा चुकीची ठेवते. माझा आवडता सापळा इन्सुलिनचा. आपल्याकडे बऱ्याच व्हायल ४० युनिट प्रति मि.लि.च्या असतात, त्यांच्या सिरिंजला लाल टोपण. १०० युनिटवाल्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. मी ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज ठेवते आणि ऑर्डर लिहिते २० युनिट. जी मुलगी निमूटपणे २० च्या रेघेपर्यंत भरते तिने प्रत्यक्षात ८ युनिट घेतलेले असतात. उलटी गल्लत झाली, म्हणजे १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ५० युनिट जातील आणि पेशंटची साखर धाडकन खाली येईल. हे आकडे फळ्यावर मांडले की वर्ग एकदम शांत होतो. आता बघा, या तासाला बरोबर पायरी कोणती? सिरिंज खाली ठेवून "मॅडम, ही सिरिंज या व्हायलची नाही" असं म्हणणं. चेकलिस्टमध्ये ही ओळ छापलेली नसते. मी माझ्या चेकलिस्टवर पेनाने लिहून घेतली आहे आणि तिला गुण ठेवले आहेत.

तर इथवर सांगितलं ते एवढंच, की लॅबमध्ये वॉर्डाचा गोंधळ थोडा थोडा आणा, आणि थांबणाऱ्याला गुण द्या.

पेशंटशी बोलणं हे आपल्याकडे वेगळं "कम्युनिकेशन स्किल" म्हणून शिकवतात, एका युनिटमध्ये, थिअरीत. मला ते कधी पटलं नाही. पुस्तक इंग्रजीत, मुलं कोणी कोकणातली, कोणी नांदेडची, कोणी केरळची, आणि समोर पेशंट भोजपुरी बोलणारे चाचा किंवा डोंगरीच्या खालाजान. "आय अॅम गोइंग टू परफॉर्म कॅथेटरायझेशन" हे लॅबमधलं वाक्य तिथे काय कामाचं? प्रत्येक प्रोसीजरसोबत मी दोन वाक्यं मराठीत आणि दोन हिंदीत तोंडी करून घेते. "काका, लघवी अडली आहे ना, म्हणून एक बारीक नळी घालणार आहोत. थोडं जळजळेल. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन." त्या शेवटच्या वाक्याने पेशंट सैल होतो. आणि गंमत म्हणजे विद्यार्थ्याचा हातही थांबतो थरथरायचा, कारण थांबायची सोय त्याने स्वतःच करून ठेवलेली असते. मुलींचं पडदा ओढायचं राहतं. तेवढं सांभाळा. परळसारख्या भागात रुग्णालयात देशभरातून लोक येतात, भाषा कळत नाही, पण पडदा ओढलेला सगळ्यांना कळतो.

वॉर्डात तुम्ही कुठे उभ्या राहता हेही बघा. मी विद्यार्थ्याच्या शेजारी, किंचित मागे उभी राहते, म्हणजे मला त्याचे हात आणि पेशंटचा चेहरा दोन्ही दिसतात. समोर उभं राहिलं की विद्यार्थी पेशंटकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतो. आणि आमचं एक वाक्य ठरलेलं असतं: "तो ट्रे जरा इकडे आण." याचा अर्थ, आहेस तिथे थांब, हात सुरक्षित जागी ने आणि माझ्याकडे ये. पेशंटला वाटतं मॅडमना ट्रे हवाय. मग पडद्यामागे मी विचारते, "काय राहिलं?" दहातल्या आठ जणांना स्वतःलाच आठवतं. नाही आठवलं तर मी सांगते आणि पुन्हा पाठवते, किंवा त्या दिवसापुरतं मी करते आणि तो बघतो. पेशंटसमोर ओरडलात तर दोन माणसं घाबरतात, आणि त्यातलं एक खाटेवर असतं. ड्युटी संपल्यावर वीस मिनिटं बोलायची ती वॉर्डात नको, जिन्यात किंवा कँटीनमध्ये. आणि आधी त्यालाच बोलू द्या.

माझी एक चूक सांगते. लाज वाटते, पण तुमच्या उपयोगी पडेल. नवीन असताना मी एका मुलीला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं होतं, कारण तिने वापरलेली सुई ट्रेमध्ये तशीच ठेवली होती. मावशीला लागली असती, हे खरंच होतं. पण मी जे बोलले ते पाच मिनिटं चाललं आणि मावशीसुद्धा शेवटी म्हणाल्या, "राहू द्या आता मॅडम." दोन आठवड्यांनी त्याच बॅचमधल्या दुसऱ्या एका मुलीला रक्त घेतल्यावर सुईला टोपण लावताना टोचलं. तिने कोणालाच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी हॉस्टेलच्या मैत्रिणीजवळ रडली आणि मैत्रिणीने मला फोन केला. एचआयव्हीसाठी घ्यायची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ते ७२ तास उलटून गेले होते. पुढचे सहा महिने तिच्या तपासण्या झाल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या. पण प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी ती आणि मी रक्ततपासणीच्या लॅबच्या खिडकीशी एकत्र उभ्या असायचो आणि तिने सांगितलं का नाही, हे मला तिला कधीच विचारावं लागलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक बॅचच्या पहिल्या पोस्टिंगच्या आधी मी एक तास यालाच देते. टोचलं तर दाबायचं नाही, चोखायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लगेच सांगायचं आणि कॅज्युअल्टी गाठायची. टोपण परत लावायचंच नाही. हिपॅटायटिस बी च्या लशीचा कोर्स ०, १ आणि ६ महिने असा असतो, त्यामुळे अॅडमिशन झाली की लगेच सुरू करायचा, पोस्टिंग तोंडावर आल्यावर नाही. एवढं सांगून झालं की मी दाराशी उभी राहते आणि प्रत्येकाने बाहेर जाताना मला मोठ्याने म्हणायचं, "मॅडम, मला सुई टोचली." साठ जण, एकेक करून. मुलं हसतात, काही नाटकी रडतात, एक जण तर हात कपाळाला लावून म्हणाला होता. हसू दे. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते, "बरं केलंस सांगितलंस, चल." वाक्य एकदा तोंडातून गेलेलं असलं की खऱ्या वेळी ते घशात अडकत नाही. त्यानंतर टोचल्याच्या घटना घडल्या, पण प्रत्येक वेळी मला तासाभरात कळलं.

परीक्षेबद्दल जास्त लिहीत नाही. २०२१-२२ पासून सेमिस्टर आली, तिच्यासोबत प्रॅक्टिकलमध्ये ओएससीईही आली, म्हणजे एकेका टेबलावर (त्याला स्टेशन म्हणतात) ठरावीक काम करून दाखवायची परीक्षा. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली ती सगळ्यांना एकाच मापाने मोजता यावं म्हणून, आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. फक्त तिच्यासाठी घोकून घेऊ नका. स्टेशनवर येऊन "आय हॅव वॉश्ड माय हँड्स, मॅडम" असं कोरड्या हातांनी सांगणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. लॅबमध्ये "धुतले असं समजा" हे वाक्यच चालू देऊ नका. बेसिन लांब असेल तर हँडरब ठेवा, पण करायला लावा.

राहता राहिल्या सह्या. मी लॉगबुकवर सही त्याच दिवशी करते, वॉर्डात, आणि जे स्वतः पाहिलं त्याचीच. सहीशेजारी एक अक्षर लिहिते: नुसतं पाहिलं तर "पा", मदत केली तर "म", माझ्यासमोर स्वतः केलं तर "स्व". तारीख आणि खाट क्रमांक, पेशंटचं नाव नाही. पहिल्या महिन्यात मुलं कुरकुरतील, कारण दुसऱ्या ट्युटर कदाचित एका बैठकीत पन्नास सह्या करत असतील. त्यांच्याशी भांडत बसू नका, नवीन आहात. तुमच्या दहा जणांपुरतं पाळा. सेमिस्टरच्या मध्यावर एकदा सगळी लॉगबुकं मागवून घ्या आणि बघा कोणाचं काय "पा" वरच अडकलंय. बहुधा एनिमा आणि राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) असतं. ती यादी घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे जा, खाली चहा पाजा आणि सांगा की अशी प्रोसीजर आली की माझ्या मुलांना हाक मारा. सिस्टर लोक हाक मारतात. पेशंट उचलायचा कसा हे शिकवायला मामा-मावशींनाही सांगा, कंबर न दुखवता माणूस वळवणं त्यांच्याइतकं आपल्याला कोणालाच येत नाही.

सोमवारी वॉर्डात जाल तेव्हा बीपीपासूनच सुरू करा. आणि त्या दोन जोड्यांच्या टीचिंग स्टेथोस्कोपचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, आजच टाका. आमच्याकडे तो यायला सात महिने लागले होते, आणि आला तेव्हा पहिल्या खोक्यात चुकून मुलांचे बीपी कफ निघाले.